मामांचं साऊंड कार्ड

फोनवर मामींचं नाव दिसलं. मामी स्वतःहून कधी फोन करत नसत. त्यांच्या घरातला फोन म्हणजे मामा. मामी मागून ओरडून काय ते सांगणार आणि मामा त्यातलं निम्मंच आपल्यापर्यंत पोचवणार, ही वर्षानुवर्षांची पद्धत. मी धाराशिवच्या माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एका सीपीयूचं पोट उघडून बसले होते. "नंदा, मामा तुझे... चहा पिता पिता..." एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं ऐकायची गरज नव्हती. शटर ओढलं, रिक्षा केली, घरी आले आणि दारातच थांबले. आत आई होती. मामा तिचा पाठचा भाऊ. तिला हे सांगायचं, आणि ती विसरली की पुन्हा सांगायचं... या एका विचारानं मला उंबरा ओलांडवेना.

त्याला आता काही आठवडे झालेत. मामांना ओळखणारं कुणी भेटलं की हमखास एकच वाक्य बोलतं, "रामभाऊंचा कान लई तयार." तामलवाडीत मामांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. आधी कर्णे, मग कपाटाएवढे स्पीकर, मग मिक्सर. लग्न असो, जत्रा असो की प्रचारसभा, मामा मांडवाच्या मधोमध उभे राहून डोकं जरा कलतं करायचे आणि कुठल्या स्पीकरची वायर ढिली आहे ते जागेवरून सांगायचे. आसपासच्या गावांतले साऊंडवालेही अडलं-नडलं की त्यांनाच बोलवायचे. वय झाल्यावर त्यांनी सगळं सामान विकून टाकलं, पण कानाचा मान तेवढा शाबूत राहिला. तो त्यांना फार प्यारा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या मानाभोवतीच घडलं.

माझी आई आराधीण. तुळजाभवानीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेली बाई. माळ-परडी तिला तिच्या आईकडून आली आणि तिच्यासोबत आईच्या तोंडची गाणीही आली. ती कुठं छापलेली नाहीत आणि कुणी लिहूनही घेतली नाहीत. नवरात्रात देवळासमोर तेलात भिजवलेली पोत पेटली, संबळ वाजायला लागला, की आई हातात झांज घेऊन पहिली ओळ उचलायची आणि मेळ्यातल्या बाया मागून नुसतं धृपद झेलायच्या. लहानपणी मामा या मेळ्यात पोतीला तेल घालायचं काम करत. त्यामुळं गाणं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण अक्षरन् अक्षर त्यांना पाठ होतं. माझं म्हणाल तर मी त्यातली एकही ओळ शिकले नाही. मला गळा नाही, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात आई गाता गाता थांबली. श्वास घ्यायला थांबली असेल असं बायांना वाटलं. पण ती थांबली ती थांबलीच. झांज हातात वाजत राहिली आणि आई समोर बघत राहिली, जसं काही कुणी तिला भलत्याच गावच्या स्टॅण्डवर उतरवून दिलंय. कुणीतरी दुसरं गाणं उचललं, वेळ निभावली. मी गर्दीत उभी होते. तिथल्या साऊंडवाल्याच्या मिक्सरपाशी बसलेले मामा उठून माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, "नंदे, आक्काची सगळी गानी भरून ठिवायची. लौकर." कॅसेटच्या काळातला माणूस, त्यामुळं रेकॉर्डिंगला ते शेवटपर्यंत 'भरणं'च म्हणत. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी आईच्या विसरण्याला एक नाव दिलं आणि ते वाढतच जाणार असं सांगितलं. किती वेगानं वाढेल ते त्यांनाही सांगता येईना.

मला वाटलं, यात अवघड ते काय! मामांच्या मागच्या खोलीत मी एक संगणक बसवून दिला, एक चांगला माईक आणला. पण भरलेला आवाज ऐकताना मामांच्या कपाळावर आठी. "खालून घुं घुं यायलंय." ते खरंच येत होतं. संगणकात आवाज आत घेणारा आणि बाहेर सोडणारा जो भाग असतो तो साऊंड कार्ड. नेहमीच्या संगणकात तो मदरबोर्डवरच चिकटवलेला असतो, पंखा आणि वीजपुरवठा यांच्या शेजारात, आणि त्या शेजाऱ्यांची कुरकुर आवाजात उतरते. मी आत खोचायचं वेगळं कार्ड आणलं. घुं घुं कमी झालं, गेलं नाही. मामांनी सगळ्या वायरी तपासल्या, मग अंगणात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. घुं घुं बंद! माझ्या लक्षातही आलं नसतं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, कार्ड निवडायचं काम मामांच्या कानावरच सोडावं. आणि तिथंच आम्ही सगळे अडकलो.

कारण त्यानंतर मामांना एकही कार्ड पसंत पडेना. आईला झांज वाजवायला सांगायचे, भरायचे, मग डोळे मिटून ऐकायचे. "न्हाय. झांज मेली हिच्यात." मी यूएसबीला जोडायची बाहेरची डबी आणली, तिच्यात आवाज अधिक बारकाईनं साठतो हे समजावलं. "बारकाई हाय, पर झांज कुठंय? ताटली वाजवल्यागत लागतीय." ती परत. दुसरी आणली, तिचीही झांज मेलेली. मामा सोलापूरच्या दुकानांत खेपा घालू लागले. दुकानदार त्यांना बघून आत जाऊ लागले. मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ लावून ते, सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने टिपले जातात, त्या आकड्यांची तुलना करत आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मला फोन करून विचारत, "नंदे, हिच्यात एकशेब्याण्णव हाय म्हनं. मग तर झांज जिती राहील न्हवं?" मी सांगायची, एक बाई आणि एक झांज भरायला एवढं काही लागत नाही, माईक जोडायला दोन तोंडं, त्या माईकला लागणारी वीज आणि शांत खोली एवढं पुष्कळ झालं. त्यांना पटायचं नाही. ऐकताना ते वरचे सूर वाढवणारं ट्रेबलचं बटण शेवटापर्यंत पिळायचे. झांज माझ्या कानात सुईसारखी घुसायची आणि मामा मान हलवायचे, "मेली."

इकडं आईचं विसरणं थांबायला तयार नव्हतं. दर खेपेला तामलवाडीला जाताना गाडीत मी तिला एखादं गाणं म्हणायला लावायची, आणि मागच्या खेपेला होतं ते कडवं या खेपेला नसायचं. मी मामांना म्हणायची, जसं येईल तसं भरू, मोबाईलवर भरू. ते चिडायचे. "वाईट भरलं की तेच राहतंय मागं. लोक म्हनतील आक्का अशीच गायची." काळजी करणं हा माझा जोडधंदाच आहे, पण तेव्हा मात्र तो तेजीत होता. घरात आई हळूहळू रिकामी होत होती आणि तिकडं मामा डबी पसंत करत बसले होते.

मग एके दुपारी वीज गेली. मामा संगणकापाशी, मी त्यांच्या मागं बाजेवर. टेबलाखालचा यूपीएस टी टी टी करायला लागला. तो आवाज असा की शेजारच्या घरातलं माणूस विचारेल काय झालं म्हणून. मामा निवांत माऊस फिरवत होते. टी टी टी, टी टी टी... वाढला, एकसारखा झाला, आणि संगणक पट्कन बंद पडला. मामा मागं वळून म्हणाले, "ह्ये असं न सांगता-सवरता बंद का पडतंय, नंदे?" दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. त्यांना केव्हाचंच कळलं होतं. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, नातीचं बारीक आवाजातलं बोलणं... मामांच्या कानाला वरचे सूर पोचतच नव्हते. आयुष्यभर कर्ण्यांच्या तोंडाशी उभं राहून ते सूर मांडवातच सांडले होते. खालची घुं घुं त्यांना माझ्या आधी ऐकू आली, आणि झांज मात्र एकाही कार्डात सापडणार नव्हती. घेतलेलं प्रत्येक कार्ड चांगलंच होतं.

आता हे सांगायचं कुणी? मामी म्हणाल्या, "मी सांगितलं तर जेवनार न्हाईत." मी घरी आरशासमोर उभी राहून वाक्यं जुळवली. मामा, वयानं होतंच असं... मामा, एकदा सोलापूरला कान तपासून घेऊ... प्रत्येक वाक्य तोंडात आलं की कडू लागायचं. त्या माणसाकडून कानच काढून घेतला तर मागं उरणार काय, या भीतीनं मला जेवण जाईना.

शेवटी सांगितलं आईनं. आम्ही तिघं त्या खोलीत होतो. मामांनी नवी डबी लावली होती, झांज भरली, ऐकली. "मेली," ते म्हणाले. आई जमिनीवर बसून झांजेचा दोरा बोटाला गुंडाळत होती. तिनं वर बघितलं आणि अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली, "मेली कुठं? चांगली वाजायलीय की. तुलाच ऐकू येईना गेलंय रं, रामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलू शकले असते, पण माझा चेहरा माझं कधीच ऐकत नाही. ते उठले, चप्पल घातली आणि गेले. आईनं मला विचारलं, "कुठं गेला गं ह्यो?" काय बोलली ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. मामांचा फोन नाही. मी केला की मामी उचलायच्या, "रानात गेल्यात." मामींनी फोन उचलावा यावरूनच काय ते समजत होतं. आईचं एक अख्खं गाणं त्याच दिवसांत गेलं. अंबाबाईला गडाची वाट विचारणाऱ्या भोळ्या बाईचं गाणं, तिचं फार लाडकं. मी पहिला शब्द सांगितला तर ती हसली आणि म्हणाली, "कुनाचं हाय ह्ये? गोड हाय." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. मामांचा राग आला, डॉक्टरांचा आला, जगातल्या सगळ्या साऊंड कार्डांचा आला.

आणि एके सकाळी मामाच दारात. हातात पिशवी, पिशवीत परत करायच्या राहिलेल्या दोन डब्या. त्यांनी त्या माझ्यापुढं ठेवल्या. "तू निवड."

"मी? मामा, मला त्यातलं..."

"तुला ऐकू येतंय न्हवं? मग निवड." जरा थांबून म्हणाले, "आता चुकली तर तुजी चूक. म्हंजी मी निवांत." आणि हसले. ते हसू त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. मी दोन्ही डब्यांवर झांज ऐकली. फरक जवळजवळ नव्हताच. जिच्यात काहीच न वाजवता शांतता अधिक स्वच्छ ऐकू येत होती, ती मी निवडली. ऐकायचं ते झांजेत नाही, शांततेत, एवढीच या निवडीतली मला कळलेली गोष्ट. रात्रभर मात्र मला वाटत राहिलं की दुसरी घ्यायला हवी होती.

मग यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही गाणी भरली. मागच्या खोलीच्या भिंतींना मामींनी गोधड्या टांगल्या. हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकीला गादी लावली, पंखा बंद. आम्ही घामानं निथळत असायचो. मी कानाला हेडफोन लावून संगणकापाशी, आई माईकसमोर, आणि मामा आईच्या अगदी पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून. मामांनी एकदाच विचारलं, "माजा आवाज येऊ द्यायचा न्हाय ना?" मी नाही म्हटलं. मग ते आवाज न करता नुसते ओठ हलवायला लागले. कडवं संपलं की पुढच्या कडव्याचे शब्द मामांच्या ओठांवर दिसायचे आणि आईच्या गळ्यातून बाहेर पडायचे. आई मामांच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. मामाही तिच्या ओठांवरून हलवायचे नाहीत, कारण ती कुठवर आली ते त्यांना तिथंच कळत होतं. तिला आठवत नव्हतं, त्यांना ऐकू येत नव्हतं... आणि माझ्या हेडफोनमध्ये एक न अडखळणारं गाणं येत होतं. गडाच्या वाटेचं गेलेलं गाणंही आलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात हलवावा तर कापडाचा आवाज भरला जाईल, ही काळजी.

निम्मी गाणी झाली. उरलेली पाऊस लागायच्या आत उरकू असं ठरलं होतं. त्या आठवड्यात मामांना दम लागत होता, जिना चढताना ते मध्येच थांबायचे. मी डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागले. "आक्काचं झालं की माजं बघू," म्हणाले. पुढच्या खेपेला काय भरायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. ती खेप झाली नाही. उरलेल्या गाण्यांचे शब्द फक्त त्यांच्याकडं होते आणि ते त्यांच्याबरोबर गेले, हे मला त्यांच्या तिसऱ्या दिवशी, राखेपाशी उभी असताना कळलं. एवढं मोठं दुःख समोर असताना मला गाणी आठवावीत याची मला लाज वाटली. पण मामा असते तर त्यांनाही तीच आठवली असती.

आता मी दुकानात गर्दी नसली की भरलेली गाणी साफ करते. संगणक नको असलेले आवाज शोधून काढून टाकायला मदत करतो. एका गाण्यात, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, त्यानं असाच एक आवाज दाखवला. मी हेडफोन कानावर दाबून धरले. श्वास होता. आईचा नव्हे, आईचा मला पाठ आहे. पुढची ओळ उचलायच्या आधी मामा श्वास आत घ्यायचे, गाणाऱ्यानं घ्यावा तसा, आणि मग नुसते ओठ हलवायचे. शांतता चांगली भरली गेली म्हणून तो ऐकू येत होता. मी पुढची गाणी तपासली. प्रत्येक कडव्याआधी आहे. ते आवाज मी काढले नाहीत.

परवा घरी आईला गाणं लावून दाखवलं. ती बरोबर म्हणायला लागली. कडवं संपलं आणि तिची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं गेली. स्पीकरमधली आई पुढं गात गेली आणि खोलीतली आई गप्प झाली. "रामा कुठंय?" तिनं विचारलं. पुन्हा तेच सांगायचं मला होईना. स्पीकर बंद केला, खुर्ची ओढली आणि तिच्या पुढ्यात जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. इतक्या वेळा ऐकून ते गाणं मला केव्हा पाठ झालं होतं ते कळलंच नव्हतं. मी ओठ हलवले. आई बघत राहिली आणि वैतागून म्हणाली, "अगं आवाज काढ की. नुसतं तोंड काय हालवायलीस?"

मी श्वास घेतला आणि आवाज काढला. बेसूर, घाबरलेला, पण काढला. आईनं मान डोलावली आणि माझ्या आवाजात तिचा मिसळला. गाणं संपलं तरी ती थांबली नाही, दुसरंच सुरू केलं. आम्ही न भरलेलं. तिनं एक कडवं म्हटलं आणि पुढच्यासाठी माझ्या ओठांकडं बघितलं. माझ्याकडं काहीच नव्हतं. माईक तामलवाडीत होता, डबी दुकानात, आणि मोबाईल आणायला उठले तर तिचा धागा तुटेल ही भीती. "आई, पुन्हा पहिल्यापासून म्हण," मी म्हटलं. तिनं म्हटलं, तिथंच थांबली, पुन्हा बघितलं. मी पुन्हा म्हण म्हटलं. असं कितीदा तरी झालं आणि दर वेळी मी तिच्या मागून म्हणत गेले. पुढचं काही आलं नाही. तेवढं एक कडवं आता मला पाठ आहे.